‘वर’ म्हणजे खंय?

सुभद्राकाकीला कुणी पाण्याचा पेला दिला तर ती तो आधी उजेडाकडे धरते, आत काही तरंगतंय का बघते आणि मगच तोंडाला लावते. मासे घेताना प्रत्येक बांगड्याचे कल्ले उघडते. गॅसचा सिलिंडर आला की आणणाऱ्याला उन्हात उभं करून वजन करून घेते. तिचे यजमान गुरुदासकाका काजू घेऊन कसालच्या बाजाराला निघाले की पाठीमागून ओरडते, "काट्याकडे बघा, तेच्या तोंडाकडे बघू नकात!" लोक हसतात. तिला त्याचं काही नसतं. "हसांदेत," म्हणते आणि आपल्या कामाला लागते.

माझं नाव सुशांत. कसालला माझं पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात तिचा मुलगा विराज मोबाइल दुरुस्त करतो. आमची घरंही एकाच वाडीत, मध्ये फक्त एक दगडी गडगा. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी बरंचसं जवळून पाहिलंय, आणि त्यातल्या एका भागात मला तिचा भयंकर रागही आला होता.

तिचं माहेर जामसंड्याला. परशुराम हा तिचा धाकटा भाऊ. त्याचा एक दात हलत होता म्हणून घरच्यांनी दोरा बांधून काढला. रक्त थांबेना. वैद्याने पूड दाबली आणि सांगितलं, सकाळपर्यंत थांबेल. डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, घाबरायचं कारण नाही. देवळात कौल लावला, तोही उजवा, म्हणजे शुभ मिळाला. परशुराम सुभद्राकाकीच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. ती तेव्हा लहान परकरी मुलगी होती. हे ती क्वचितच सांगते. सांगते तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, "सगळ्यांनी कसा छातीठोक सांगलेला, म्हायत आसा?" तेव्हापासून कुणी ठामपणे काही सांगितलं की तिला त्याच्यातच खोट दिसते.

लग्न होऊन ती आमच्या वाडीत आली आणि विराज झाला. तो रांगायला लागला तसे त्याच्या गुडघ्यांवर, कोपरांवर काळेनिळे डाग उठू लागले. सासू बघायची आणि गप्प राहायची. मग एक दिवस विहिरीवर बायकांसमोर म्हणाली, "आवसच चिमटे काढता काय कोणाक ठाऊक." सुभद्राकाकी जन्मभर सगळ्यांवर संशय घेत आली, पण आपल्यावर घेतलेला तो संशय तिने मुकाट्याने सोसला, कारण डाग का उठतात हे तिलाही ठाऊक नव्हतं. लस टोचल्यावर पोराची मांडी नारळाएवढी सुजली तेव्हा गुरुदासकाका त्याला घेऊन गोव्यात बांबोळीला गेले. तिथल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. हिमोफिलिया. रक्त गोठवणारा एक घटक, फॅक्टर आठ, याच्या अंगात जवळजवळ नाहीच. हा आजार आईकडून मुलाला येतो.

सासूने ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तुज्याच घरातलो."

त्यात खोटं काही नव्हतं. परशुराम कशाने गेला हे काकीला त्या दिवशी कळलं.

विराज वाढला, शिकला, आता सत्ताविशीचा आहे. एक गुडघा पूर्ण वळत नाही, बाकी हुशार, शांत, बारीक कामाला हात चांगला. मार लागला किंवा सांध्यात आपोआप रक्त उतरलं की फॅक्टरचं इंजेक्शन घ्यावं लागतं. पूर्वी ते विकत आणताना घराची दैना झाली. पुढे सरकारी रुग्णालयात फुकट मिळायला लागलं. बाकीच्या रोग्यांच्या घरी आनंद झाला. सुभद्राकाकीच्या कपाळाला आठी पडली.

"फुकट देतत म्हणजे कायतरी आसा."

बाटलीचं सील तिच्या डोळ्यांदेखत तोडायचं, मुदतीची तारीख तिला वाचून दाखवायची, मग ती स्वतः चष्मा लावून वाचणार, असा तिचा नियम होता. तिथल्या सिस्टर वैतागायच्या. विराज ओशाळून भिंतीकडे बघायचा. पण एक मान्य केलं पाहिजे, त्या रुग्णालयात तिच्या मुलाच्या बाबतीत कधी कुणी निष्काळजी राहिलं नाही. कुणाची हिंमतच नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते औषध येणं बंद झालं. आधी सांगितलं, पुढच्या आठवड्यात या. मग म्हणाले, महिन्याच्या शेवटी. काकी दर वेळी एसटीने जायची आणि मोकळ्या हाताने यायची. एकदा मीच तिला गाडीवरून घेऊन गेलो होतो. खिडकीतला माणूस म्हणाला, "वरून आलेलं नाही."

"वर म्हणजे खंय?"

"वर म्हणजे... वरून. साठा वरूनच येतो."

"ता समाजला. पण वर म्हणजे खंय? ओरोसाक, रत्नागिरीक, मुंबैक? कोण बसता थय?"

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. पण काकीच्या मनात वेगळंच बसलं: माणूस ठाऊक नाही म्हणतो तेव्हा त्याला नक्की ठाऊक असतं.

मी गाडी काढायला गेलो आणि ती इमारतीच्या मागच्या बाजूला सावलीत जाऊन उभी राहिली. तिथे रक्तकेंद्राचं, म्हणजे रक्तपेढीचं, मागचं दार आहे. दारात एक बंद गाडी उभी होती, आतून थंड वाफ येणारी, परराज्याची नंबर प्लेट असलेली. दोन माणसं आतून खोके आणून भरत होती. एक खोका नीट लागला नाही म्हणून त्यांनी तो उघडला, तेव्हा काकीने आतलं पाहिलं. फणसपोळीच्या साटांसारख्या पिवळ्या, बर्फासारख्या घट्ट पिशव्या, एकीवर एक रचलेल्या.

"ह्या काय ओ?" तिने चालकाला विचारलं.

"प्लाझ्मा, मावशी. रक्तातलं पाणी."

"कोणाचा रगात?"

"लोक देतात ना शिबिरात, त्यांचंच."

"आणि न्हेतास खंय?"

"कंपनीत," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मी गाडी घेऊन येईपर्यंत ती गाडी फाटकाबाहेर पडली होती आणि सुभद्राकाकी तिच्या मागे बघत उभी होती. वाडीच्या वळणावर उतरली आणि म्हणाली, "सुशांत, तुमी रगात देतास ता इकतत."

आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर दर वर्षी माघी गणपतीला होतं. आम्ही मंडप घालतो, रक्तकेंद्राची माणसं खाटा घेऊन येतात, आसपासच्या चार वाड्यांतले तरुण रक्त देतात, त्यांना नाश्ता आणि प्रमाणपत्र मिळतं. मी मंडळाचा सचिव. फलक छापून झाले होते. आणि सुभद्राकाकी वाडीवाडीत फिरू लागली.

ती कुणाला भाषण देत नव्हती. अंगणात जायची, सुपारी मागायची, बसायची आणि विचारायची, "तुजो झील रगात देतलो? बरा. तेतूरला पिवळा पाणी खंय जाता, तेका इचार." एवढंच. मग उठून पुढच्या घरी. रक्त कंपनीला जातं, आणि ज्या मुलाला रक्ताचंच औषध लागतं त्याच्यासाठी मात्र ‘वरून आलेलं नाही’, हे लोकांनी आपापलं जोडलं. जोडायला फार वेळ लागला नाही. इथे रस्त्याच्या कामापासून आंब्याच्या पेटीपर्यंत कोण कुठे खातो याची लोकांना इतकी सवय आहे की असं काही ऐकलं की ते आधी खरं मानतात आणि मग पुरावा शोधतात.

पोरं मागे हटली. एकाची आजी आजारी पडली, एकाला कामावर जायचं होतं, एकाचं म्हणे रक्तच कमी. शिबिराच्या आदल्या दिवशी यादीत उरली तेवढ्या माणसांसाठी रक्तकेंद्राची गाडी बोलवायची मला लाज वाटली. शिबिर रद्द केलं. शेजारच्या गावानेही आमचं ऐकून त्यांचं पुढे ढकललं. मी त्या संध्याकाळी गडग्यावरून उडी मारून तिच्या घरासमोरच्या खळ्यात गेलो आणि जे तोंडाला आलं ते बोललो.

"काकी, कोणाची बाळंतीण अडली, कोणाक लेप्टोचो ताप इलो, तर रगात खंयसून येतला? तू देतलंस?"

"माजा रगात चलणा नाय," ती शांतपणे म्हणाली. "चलला असता तर दिलंय असतंय. पण खंय जाता ता इचारून."

"मगे जाऊन इचार ना! घराघरांत कित्या इचारतंस?"

गुरुदासकाका पडवीत काजूच्या बिया चाळत होते, त्यांनी मान वर केली नाही. ती म्हणाली, "तू येतलंस? माका एकटीक धकवून लावतत."

आम्ही गेलो. रक्तकेंद्राच्या प्रमुख डॉक्टर सारिका दळवी, चाळिशीच्या, सदा घाईत असलेल्या बाई. त्यांच्यासोबत तिथला तंत्रज्ञ ओंकार पालव होता. शिबिर रद्द झाल्यामुळे दोघंही आमच्यावर रागावलेले होते, पण त्यांनी आम्हाला बसवलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दिलेलं रक्त तसंच्या तसं क्वचितच चढवतात. यंत्रात फिरवून त्याचे भाग वेगळे करतात. लाल पेशी बाळंतिणीला, अपघातवाल्याला लागतात. वरचं पिवळं पाणी म्हणजे प्लाझ्मा. तो भाजलेल्यांना, लिव्हर बिघडलेल्यांना थोडा लागतो, पण लाल पेशी जेवढ्या लागतात तेवढा लागत नाही. उरतो. उरलेला गोठवून ठेवतात आणि कराराप्रमाणे कंपनीला देतात. कंपनी त्याच्यातून औषधं काढते आणि बदल्यात औषधं परत देते. सगळं सरकारी नियमांनी चालतं. चोरीबिरी काही नाही.

"बदल्यात काय येता?" काकीने विचारलं.

"अल्ब्युमिन येतं. खूप आजारी रुग्णांना लागतं ते."

"माज्या झिलाचा औषध नाय येणा?"

"फॅक्टर ना? तो राज्याच्या खरेदीतून येतो. वेगळ्या मार्गाने."

"पण तो ह्याच पिवळ्या पाण्यात आसता मा?"

डॉक्टरांनी मान हलवली. "असतो. त्याच्यातूनही काढतात, हो."

"मगे तुमी कंपनीकडसून तोच कित्या नाय मागणास?"

ओंकारने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, "करार जुना आहे. माझ्या आधीचा. त्या वेळी अल्ब्युमिनच मागितलेलं दिसतंय. बघते मी."

बाहेर आल्यावर काकी म्हणाली, "आयकलंस? ‘बघते’ म्हणाली. ‘बघतंय’ म्हणणारो माणूस जल्मात बघणा नाय."

मला मात्र डॉक्टर खरं बोलताहेत असं वाटत होतं. निदान तसं वाटावं अशी माझी इच्छा होती. पण परत येताना गाडीवर माझ्याही मनात एक किडा शिरला. करार जुना, माणसं बदललेली, साठा वरून, गाडी परराज्याची. यातला एकही माणूस खोटं बोलत नव्हता आणि तरीही पोराला औषध नव्हतं. मग नक्की कुणाकडे बोट दाखवायचं?

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, विराज दुकानातून जेवायला घरी निघाला होता. महामार्गाच्या कडेला खडी पसरली होती, तिच्यावर त्याची स्कूटर घसरली. पडला फार नाही. उठून, कपडे झटकून, स्कूटर उभी करून माझ्याकडे परत आला आणि म्हणाला, "काय नाय." तासाभराने त्याच्या जांघेत दुखू लागलं. मग पाय सरळ होईना. मग मांडीच्या पुढच्या भागाला मुंग्या येऊन ती बधिर पडायला लागली. त्याला लहानपणापासून ही लक्षणं पाठ आहेत. पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला, "सुशांत, आत रगात धरता हा. आयेक फोन कर."

मी एका ओळखीच्याची गाडी घेतली, वाडीच्या फाट्यावर काकीला घेतलं आणि रुग्णालयात नेलं. फॅक्टर नव्हताच. बांबोळीला नेऊ का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्नायूत रक्त साठतंय आणि ते नसेवर दाब देतंय. इतक्या लांब असंच नेणं बरं नाही, आधी रक्तस्राव रोखायला हवा. शेजारच्या जिल्ह्यात फॅक्टर शिल्लक आहे, तो उद्यापर्यंत आणवतो. तोवर प्लाझ्मा चढवतो. त्यात फॅक्टर थोडा असतो, पण असतो.

"पिवळा पाणी?" काकी म्हणाली.

"हो."

ओंकारने फ्रीझरमधून पिशव्या काढल्या आणि कोमट पाण्याच्या यंत्रात ठेवल्या. काकी त्याच्या मागोमाग गेली. त्याने अडवलं नाही. ती काचेतून बघत उभी राहिली. घट्ट वडी हळूहळू विरघळत पाणी होत होती. तो पहिली पिशवी घेऊन निघाला तेव्हा ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"कोणाचा ह्या?"

"नाव सांगता येत नाही, काकी. नियम आहे."

"तपासलेला आसा?"

"सगळ्या तपासण्या झालेल्या आहेत. हे बघा, गट, क्रमांक, तारीख."

तिने चष्मा लावला आणि वाचलं. विराज पलंगावर दात आवळून पडला होता, तरी तिने सगळं वाचलं. मी अस्वस्थ होऊन काही बोलणार तोच तिने विचारलं, "आमच्या गावचा आसा?"

"नाही. ही इन्सुलीची. चेकनाक्यावर शिबिर झालं होतं, तिथल्या स्टाफने आणि थांबलेल्या ट्रकवाल्यांनी दिलेलं रक्त." ओंकारने तारखेवर बोट ठेवलं. "तुमच्या गावचं शिबिर झालंच नाही ना."

त्याने ते टोमण्याने म्हटलं नाही. चौकशीचं उत्तर द्यावं तसं म्हटलं. काकीचा हात पिशवीवर होता, तो तिने काढून घेतला.

"लाव," ती म्हणाली.

पहिली पिशवी अर्धी झाली असेल आणि विराज अंग खाजवू लागला. मान, पोट, दंड, सगळीकडे लाल गांधी उठल्या. काकी ताडकन उभी राहिली. "बघ! बघ म्हणत होतंय मी! कायतरी आसा तेच्यात! काढा ता!" तिने नळीला हात घातला. सिस्टरने तिचा हात धरला. गोंधळ ऐकून डॉक्टर दळवी धावत आल्या, पिशवी बंद केली, विराजला इंजेक्शन दिलं आणि त्याच्या छातीला नळी लावून ऐकत राहिल्या.

"प्लाझ्माने कधी कधी अंगावर उठतं," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा तेवढंच असतं."

"बहुतेक?"

"हो, बहुतेक. मी तुम्हाला शंभर टक्के सांगणार नाही. श्वास मोकळा आहे, रक्तदाब ठीक आहे. गांधी बसल्या की हळू वेगाने पुन्हा सुरू करावं असं माझं मत आहे. मी इथेच बसते."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण तसं बघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. बहुतेक, असं तिला कुठल्या डॉक्टरने आजवर सांगितलं नसावं.

"बसा मगे," ती म्हणाली आणि स्वतः पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली.

गांधी बसल्या. प्लाझ्मा पुन्हा सुरू झाला, थेंब थेंब. डॉक्टर मध्येच उठून दुसऱ्या रुग्णाकडे जात आणि परत येत. काकी नळीकडे बघत होती आणि डॉक्टर गेल्या की दाराकडे. संध्याकाळी विराज म्हणाला की मांडीतला ताण वाढत नाहीये. दुसऱ्या दिवशी शेजारच्या जिल्ह्यातून फॅक्टर आला. काकीने बाटलीचं सील बघितलं, तारीख वाचली, आणि इंजेक्शन दिलं गेलं. पाय पूर्ववत व्हायला बरेच दिवस लागले. मांडीचा एक पट्टा अजूनही थोडा बधिर आहे असं विराज म्हणतो.

तो घरी आल्यानंतर मला वाटलं, काकी आता बदलेल. आता कुणावर संशय घेणार नाही, शिबिरांत लाडू वाटेल वगैरे. तसं काही झालं नाही. विराज काठी घेऊन चालू लागला त्या आठवड्यात ती पुन्हा डॉक्टर दळवींच्या दारात उभी होती.

"तुमी ‘बघते’ म्हणाललास."

डॉक्टरांनी तिला आत घेतलं. त्यांनी खरंच बघितलं होतं. करार संपत आला होता. नवा करताना प्लाझ्माच्या बदल्यात अल्ब्युमिनबरोबर फॅक्टरही मागता येईल अशी सोय होती, पण तशी मागणी कुणी नोंदवलीच नव्हती. कुणाचा वाईट हेतू नव्हता. फॅक्टर वरून येतो हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं आणि प्लाझ्मा गोठवणाऱ्यांचा हिमोफिलियाच्या रोग्यांशी संबंधच येत नव्हता. एका इमारतीतल्या दोन खोल्या, पण एकीतल्या माणसाने दुसरीत डोकावलं नव्हतं. डॉक्टरांनी मागणी वर पाठवली होती.

"वर म्हणजे खंय?"

या वेळी डॉक्टरांनी कागदावर कार्यालयाचं नाव, शहर आणि साहेबांचं पद लिहून दिलं. काकीने ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग तिथे फोन लावला. पुढचे कित्येक महिने ती फोन लावत राहिली. त्या कार्यालयातला एक कारकून तिचा आवाज ओळखू लागला आणि तिने काही विचारायच्या आत "अजून सही झाली नाही, आजी," असं सांगू लागला. "सई कोणाची अडली?" हा तिचा पुढचा प्रश्न. मला तर शेवटी त्या कारकुनाचीच दया यायला लागली.

बदल्यातला फॅक्टर पहिल्यांदा आला तो पावसाळ्यानंतर. फार नव्हता. पण ‘वरून आलेलं नाही’ असं म्हणायची पाळी येऊ नये इतपत होता. खोका उघडताना काकी हजर होती. डॉक्टर म्हणाल्या, "काकी, हे आपल्या लोकांच्या प्लाझ्मातून आलेलं आहे, असं म्हणायला हरकत नाही."

"आपल्याच लोकांच्या कशावरून?"

"आपल्याच असं नाही सांगता येणार. हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करतात. देवळात महाप्रसादाला प्रत्येक घरचे तांदूळ एका टोपात पडतात तसं."

"मगे माज्या घरचो तांदूळ खंयचो, ता तुमका कळाचा नाय."

"नाही कळणार."

"खरा बोललास," काकी म्हणाली, आणि बाटलीवरची तारीख वाचू लागली.

पुढच्या माघी गणपतीला आम्ही शिबिर पुन्हा लावलं. मला धाकधूक होती. काकी सकाळीच मंडपात आली, खुर्ची घेऊन खाटांच्या बाजूला बसली आणि रक्तकेंद्राच्या माणसांना एकेक विचारू लागली. सुई नवी आहे का, पिशवीवर क्रमांक कोण घालतो, गाडी परत किती वाजता निघते. रांगेतली पोरं कुजबुजायला लागली. मग एकाने मोठ्याने विचारलं, "काकी, गेल्या वर्सा तू सांगी होतंस ता खरा की खोटा?"

काकी उठली.

"इकतत म्हणालंय, ता खोटा," ती म्हणाली. "चोर कोण नव्हतो. पण बदल्यात काय येता ता कोण इचारी नव्हतो, ता खरा. तुमचा शिबिर बंद पडला, ता माज्यामुळे. आणि माज्या झिलाक जेंच्या पिवळ्या पाण्यान तारला, ते खंयचे ट्रकवाले, तेंचा नाव माका कोण सांगणा नाय." तिने खुर्ची मागे सारली. "द्यायचा तर द्या. नायतर घराक जावा. माका कायच म्हणणा नाय."

तशी आवाहनाची पद्धत नसते. मी माइक हातात घेऊन काहीतरी सारवासारव करणार होतो. पण रांग मोडली नाही.

आता या वर्षीची गोष्ट. पोईपची शिवांगी नावाची मुलगी विराजच्या दुकानात फोन दुरुस्तीला येत असे. फोन बिघडतोच किती वेळा, असं मी विराजला विचारलं तेव्हा तो लाजला. मुलीकडचे बघायला आले. तिची आई, तिला सगळे अक्का म्हणतात, दारातून आत आल्यापासून गप्प होती. मुलीचे मामा आंब्याच्या मोहोराबद्दल बोलत होते. गुरुदासकाका मान हलवत होते. अक्काने पाण्याचा पेला घेतला, बाजूला ठेवला आणि सरळ काकीला विचारलं, "तेका कसलो आजार आसा म्हणतत. रक्ताचो. तो काय आसा?"

मामा चपापले. शिवांगीने मान खाली घातली. काकीचा चेहरा मात्र उजळला. तिने पाट पुढे ओढला आणि अक्काच्या समोर बसली.

तिने सगळं सांगितलं. परशुरामचं सांगितलं, विहिरीवरच्या बायकांसमोर सासू काय म्हणाली ते सांगितलं, गुडघा वळत नाही तो आणि मांडी बधिर आहे तीही. औषध मिळतं हे सांगितलं, आणि मध्ये एकदा मिळत नव्हतं हेही.

"पोरांका जाता?" अक्काने विचारलं.

"मुलगो झालो तर तेका नाय. बरोच आसतलो. चेडू झाला तर ता माज्यासारख्या. तेका सवताक काय होवचा नाय बहुतेक, पण तेच्या झिलाक होवक शकता."

"असा डॉक्टर म्हणतत?"

"डॉक्टर म्हणतत. पण तुमी माज्या तोंडाचा आयकून ऱ्हवू नकात. रक्तकेंद्रात दळवी बाई आसत, तेंका जावन इचारा. बांबोळीक इचारा. आनी कोण सांगीत थय इचारा."

मामा म्हणाले, "अवो, आमचो इश्वास आसा तुमच्यार."

"तुमचो आसात," अक्का म्हणाली. "माजो अजून बसाक नाय."

ते लोक चहा पिऊन गेले. अक्का खरंच दोन डॉक्टरांना भेटली हे आम्हाला नंतर कळलं. होकार यायला बरेच दिवस लागले आणि तोवर विराजचा जीव टांगणीला लागला होता. पण त्या दिवशी पाहुण्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा सुभद्राकाकी खळ्यात उभी राहून गुरुदासकाकांना म्हणाली, "चेडू कसा ता माका अजून म्हायत नाय. पण ती आवस, ती बरी आसा."